चक्राचें वजन

यंदा आमच्या घरीं दिवाळीच्या फराळापेक्षां मोटारीच्या एका चक्राचीच चर्चा अधिक झाली, असें सांगितलें तर वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. पण भाऊबीजेनंतर दोन दिवसांनीं दिंद्रुडच्या आमच्या ओसरीवर जो देखावा होता, तो पाहणाऱ्यानें आम्हांस खोटें ठरविलें नसतें. पाटावर चकल्यांचें ताट, शेजारीं जुन्या वर्तमानपत्रावर मांडलेली काळीठिक्कर क्लचप्लेट, आणि तिच्याभोंवतीं वहिनी, पुतण्या, माजलगांवचे मिस्तरी व आम्ही असे चौघे पंचांसारखे गंभीर मुद्रेनें बसलेलों!

मोटार मूळ कै. दादांची. १९९९ सालीं घेतलेली मारुती एस्टीम. दादा गेल्यावर ती विकून टाकावी असें आम्हीं सर्वांनीं सुचविलें होतें. परंतु वहिनींनीं बावन्नाव्या वर्षीं मोटार चालवावयास शिकून आमचीं तोंडें बंद केलीं. त्यांचें माहेर धारूरचें. तेथें नव्वदी उलटलेली आई आहे. दर आठवड्यास तेलगांवची वाट धरून, बालाघाटचा तो वळणावळणाचा घाट चढून वहिनी आईस भेटावयास जातात. एस. टी. च्या वेळांवर त्यांचा विश्वास नाहीं आणि गुडघ्यांवर तर त्याहून नाहीं.

या मोटारीचा दुसरा धनी म्हणजे आमचा पुतण्या. तो पुण्यास नोकरी करतो. वर्षांतून एकदां तो ती मोटार घेऊन हजाराहून अधिक किलोमीटर दूर कोइमतूरजवळच्या कारी चक्रमार्गावर जातो. एस. करिवर्धन या गृहस्थांनीं मारुती-८०० चें एंजिन घालून शर्यतीच्या मोटारी बांधल्या आणि पुष्कळ तरुणांस त्या परवडण्याजोग्या केल्या. १९९५ सालीं त्यांचें अपघाती निधन झालें. त्यांच्या नांवाचा हा सुमारें दोन किलोमीटरांचा मार्ग. तेथें ठराविक दिवशीं, पैसे भरून, कोणाही हौशी माणसास आपली घरची मोटार मनसोक्त पळवितां येते. रस्त्यावर वेडेपणा करण्यापेक्षां तेथें करावा, हा पुतण्याचा युक्तिवाद आम्हांस नेहमींच पटत आला आहे. वहिनींना तो पटतो असें नाहीं. पण त्या मुलाला नाहीं म्हणत नाहींत.

वसुबारसेच्या दिवशीं मायलेक धारूरला निघाले. घाटाच्या मध्यावर एंजिन ओरडूं लागलें, पण चाकें फिरेनात. आणि जळक्या वासानें गाडी भरून गेली. मागून ऊसतोडीला निघालेल्या मंडळींचे दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येत होते. त्यांतल्या बायाबापड्यांनीं उतरून चाकांमागें धोंडे लावले, वहिनींना पाणी दिलें, आणि आपला सहा महिन्यांचा संसार घेऊन त्या पुढें गेल्या. मोटार टेंपोमागें दोर बांधून घरीं आली. त्या रात्रीं घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. पण दोष कोणाचा याविषयीं कोणाच्याही मनांत संशय नव्हता. कोइमतूरला चेंगरलेला क्लच धारूरच्या घाटांत मेला, असाच निकाल आम्हींही मनांतल्या मनांत देऊन टाकला होता.

मिस्तरींनीं गिअरबॉक्स उतरविली तेव्हां तो निकाल फिरवावा लागला. प्लेटच्या अस्तरावर तेल होतें. एंजिनाच्या दांड्याच्या मागल्या टोकास तेल अडविणारें जें रबरी सील असतें, तें वयोमानानें टणक होऊन पाझरत होतें. तेलकट प्लेट घसरते, घसरली कीं तापते, आणि तापली कीं जळते. चक्रमार्गावरील दौडीनें तिचें आयुष्य थोडें कमी केलें असेल. पण खरा अपराधी तीनचार बोटें रुंदीचें सुद्धां नसलेल्या एका कडेचा होता. पुतण्या कांहींच बोलला नाहीं. वहिनींनीं मात्र त्याच्या ताटलींत न विचारतां आणखी दोन चकल्या वाढल्या.

परंतु प्लेट बदलून भागणार नव्हतें. ज्या चक्राला ती घट्ट बिलगते, त्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते व बारीक तडेही गेले होते. नुसते डाग असते तर पृष्ठभाग घासून घेतां आला असता. तडा गेलेलें चक्र घासून वापरणें म्हणजे तडकलेल्या बरणींत लोणचें घालण्यासारखें. नवें घेणें भागच होतें, आणि येथेंच वाद सुरू झाला.

फ्लायव्हील म्हणजे काय हें आमच्या पिढीस जातें आणि कडबाकुट्टी यांनीं शिकविलें आहे. कडबा कापण्याच्या यंत्राचें तें ओतीव चाक एकदां फिरूं लागलें म्हणजे पेंढी जाड आली तरी अडत नाहीं. साठविलेली गति तें तेवढ्यापुरती खर्च करतें. एंजिनांत ठिणगी सारखी पडत नसते, ठोक्याठोक्यानें पडते. मधली पोकळी हें चक्र भरून काढतें. म्हणून जड चक्राची मोटार चढावर हळूच उचलली तरी गचका खात नाहीं कीं बंद पडत नाहीं.

पुतण्यास हवें होतें तें पोलादी व जवळजवळ निम्म्या वजनाचें. त्याचें म्हणणें असें : हलक्या चक्राच्या एंजिनाची फेर झटकन् चढते आणि झटकन् उतरते. वळणापूर्वीं खालचा गिअर घालतांना हें फार उपयोगी. त्यानें एंजिनाची ताकद कणभरही वाढत नाहीं हें त्यानें प्रामाणिकपणें कबूल केलें. फक्त चक्र फिरविण्यांत खर्च होणारी ताकद चाकांकडे जाते, आणि तीही मोटार वेग घेत असेल तेव्हांच. खालच्या गिअरांत हा फरक चांगला जाणवतो, वरच्यांत फारसा नाहीं. याच्या जोडीला त्याला धातुमिश्रित तुकड्यांची, स्प्रिंगा नसलेली प्लेट व जबर दाबाची प्रेशर प्लेट हवी होती.

“ही प्लेट एक तर सुटते, नाहीं तर धरते,” मिस्तरी म्हणाले, “मधलं कांहीं तिला ठाऊक नाहीं. काकूंना घाटांत नेमकं मधलंच लागतं.”

जबर दाब म्हणजे पायाखालचें पेडलही जड, आणि डावा गुडघा वहिनींचा! हें कोणी उघड बोललें नाहीं.

मग पुतण्यानें एक स्वस्त तोड काढली : नेहमींचें ओतीव चक्र घेऊन लेथवर तासून हलकें करावें. आमचे एक स्नेही कोल्हापुरास उद्यमनगरांत जन्मभर ओतकामांत होते. आम्हीं त्यांना फोन केला. ते म्हातारे गृहस्थ एकदम तडकले. “बिडाला दाब सोसतो, ताण सोसत नाहीं,” ते म्हणाले. “मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. फेरे दुप्पट झाले कीं कडेवरचा ताण चौपट. नको तेथें तासलेलें बीड फुटलें तर तुकडे कोणाच्या पायांतून जातील याचा नेम नाहीं. हलकें हवें तर घडीव पोलादाचें घ्या, नाहीं तर जसें आहे तसें राहूं द्या.” ती तोड तेथेंच संपली. आम्हांस विचाराल तर, ओसरीवर झालेल्या साऱ्या बोलण्यांत एवढेंच एक बोलणें पैशाच्या मोलाचें होतें.

उरले दोन मार्ग. दोन्ही जोड ठेवून पाळीपाळीनें बदलावे, तर दरवेळीं गिअरबॉक्स उतरविण्यांत दिवस जाणार. तेव्हां प्रश्न चक्राचा राहिलाच नाहीं. मोटार कोणाची, हा झाला. तो विचारण्याचें धैर्य आमच्यांत नव्हतें. कारण दादा असते तर त्यांनीं मुलाचीच बाजू घेतली असती, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें, आणि वहिनींनाही.

पुतण्यानेंच बराच वेळ ती जळकी प्लेट हातांत फिरवून मिस्तरींना सांगितलें, “मूळच्या वजनाचंच आणा. प्लेट साध्या अस्तराची, स्प्रिंगांची. सील आणि क्लचचं बेअरिंगही नवं घाला.”

नव्या प्लेटला अंग बसावयास कांहीं शें किलोमीटर सौम्य चाल लागते. म्हणून कार्तिक महिनाभर वहिनी रोज कांहींतरी निमित्त काढून माजलगांवच्या बाजारांत जात होत्या. एवढी कोथिंबीर आमच्या घरीं पूर्वीं कधींच आली नव्हती.

मार्गशीर्षांत पुतण्या आला, तेव्हां आम्ही तिघे धारूरला निघालों. घाटांत, जेथें मोटार बंद पडली होती त्याच वळणावर, वहिनींनीं ती मुद्दाम थांबविली. हातब्रेक ओढला. मागें रस्ता मोकळा असल्याचें पाहिलें, पेडल हळूच सोडलें, आणि मोटार वास नाहीं, गचका नाहीं, अशी उचलली. वर पोहोंचेपर्यंत कोणी बोललें नाहीं. किल्ला दिसूं लागल्यावर वहिनींनीं आरशांतून मुलाकडे पाहिलें.

“ने आतां कोइमतूरला. पण सील पाझरतं का तें बघून आण.”