फोटोची मागची बाजू

दिवाळीच्या सुट्टीत घरचे जुने फोटो मोबाईलमध्ये घेत होतो. खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला अगदी समांतर. चिकट पानांच्या अल्बममधले मात्र ओढू नका, पानासकट घ्या. माझा एक फाटलाच!

पन्नासेक झाल्यावर एक फोटो हातातून उलटा पडला. मागे बाबांचं अक्षर : 'गोरेगाव, जि. भंडारा'. म्हणजे गोंदिया जिल्हा झाला त्या १ मे १९९९ च्या आधीचा. बाबा आता नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून बसलो, प्रत्येकाची पाठही घेतली. बऱ्याच कोऱ्या निघाल्या.

त्या फोटोतल्या आठ जणांपैकी पाच आईने ओळखले. उरलेल्या तिघांसाठी रविवारी आत्याकडे जातोय. तिला आता कमी दिसतं, म्हणून स्क्रीनवर चेहरे मोठे करून दाखवीन.