पाप्याच्या पितराचं देणं

केबिन रोडवरच्या आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी शिंप्याची टेप असायची. पेशंट खोकल्याचा असो की पाठदुखीचा, चाळिशी ओलांडली असेल तर आधी कंबर मोजायची. बाकावरच्या बायका पदराआड हसत. मी तर पाप्याचं पितर. भाईंदरला लोकलमध्ये चढताना गर्दीच मला उचलून आत ठेवायची.

‘‘डॉक्टर, मला कशाला टेप? अंगावर मांस तरी आहे का?’’

‘‘मांस नाही ते दिसतंयच. चरबी कुठं लपवलीय ते बघतो.’’

पोट थोडं सुटलं होतं, एवढंच. तरी उपाशीपोटी शुगर करायला लावली. ती निघाली 138. आमच्या घरात मधुमेह म्हणजे जाड्यांचा आजार, त्यामुळे लॅबवाल्याचीच काहीतरी चूक असणार, असं घरच्यांनी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी शेवटचा पेशंट गेल्यावर मला बसवून घेतलं आणि खणातून एक झेरॉक्स काढली. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला फोटो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. ‘‘यातले तुम्ही कोण, ते सांगायला हवं का?’’

लेप्टिन हा शब्द मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला. चरबीच्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं की साठा भरपूर आहे, आता खाणं पुरे. 1994 साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्याचं जनुक शोधलं. जन्मतः लेप्टिन नसलेले उंदीर खात सुटतात, फुगतात आणि त्यांची साखरही चढते. त्यांना लेप्टिन टोचलं की भूक आवरते. पण डॉक्टरांचा आवाज चढला तो पुढच्या गोष्टीला: वजन हलणार नाही इतक्या थोड्या मात्रेतही त्या उंदरांची साखर उतरली! नुसतं खाणं कमी झाल्याचा हा परिणाम नव्हता. लेप्टिनचा निरोप पोचला की मेंदू यकृतालाही दटावतो, रक्तात साखर ओतू नकोस म्हणून. ‘‘मग मला द्या की इंजेक्शन,’’ मी म्हटलं. ते हसले. बहुतेक मधुमेह्यांत लेप्टिनचा तुटवडा नसतोच. निरोप चिक्कार जातात, मेंदूच दाद देत नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला आली गोळी, चालणं आणि भाताची अर्धी मूद.

फी घ्यायला ते कुरकुरत. आग्रह केला तर म्हणत, ‘‘पुण्याला मनीऑर्डर करा.’’

त्यातला अर्थ मला सावकाश कळला. याज्ञिकांच्या चमूने पुण्यातल्या आणि लंडनच्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त ताडून पाहिलं होतं. आपली बाळं वजनाला हलकी, पण वजनाच्या मानाने त्यांच्यात लेप्टिन आणि इन्सुलिन दोन्ही जास्त. म्हणजे रोडकेपणाखाली चरबी झाकण्याची ही कला आपण पोटातूनच शिकून येतो. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांनीही गरोदरपणापासून स्वतःला, मग आपल्या पोरांना असंच मोजू दिलं. शेतावरची कामं टाकून त्या तपासणीला उभ्या राहिल्या असतील. त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नाही. माझे डोळे, मूत्रपिंड आणि पायांची बोटं आज शाबूत आहेत, त्यात त्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे.

त्या खेड्यांतली मुलं 18 वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली साखरेच्या उंबरठ्यावर निघाल्या. तपासलेल्यांतली जवळजवळ निम्मी मुलं वजनाने प्रमाणापेक्षा कमी होती. हे वाचलं आणि अठ्ठावीसची जीन्स मिरवणाऱ्या आमच्या चिरंजिवांना सकाळी उपाशी लॅबमध्ये नेलं. वाटभर कुरकुर. आकडा आला 91.

डॉक्टर आता दवाखाना बंद करून गावी राहतात. फोन करून आकडा सांगितला.

‘‘बरं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि जेवणानंतरची?’’