प्रकाशाच्या दाबास अनावृत पत्र

प्रिय प्रकाशदाबा,

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याच्या उन्हातून जाताना तुझी आठवण कुणालाच होत नाही. घामानं जीव नकोसा झालेला असतो. या उन्हाला वजनासारखा रेटाही असतो म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पण तू असतोस. भर दुपारी गच्चीच्या एका चौरस मीटरवर तुझा रेटा अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाएवढाही भरत नाही, इतकंच.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात चैत्यगवाक्षातून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धूळ नाचताना दिसते. बघणाऱ्याला वाटावं, उजेडच तिला नाचवतोय. नाचवते ती हवा. मायक्रॉनभर जाडीच्या कणाचं वजनसुद्धा तिथल्या तुझ्या रेट्याच्या हजारो पट असतं. तुझा अंमल दिसतो तो अवकाशात, धूमकेतूची धूळ सूर्यापासून लांब लोटतोस तेव्हा.

पृथ्वीवर तुला कामाला लावलं लेझरनं. १९७० साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन यांनी पाण्यात लॅटेक्सचे इवले गोल सोडले आणि त्यांवर लेझरचा झोत टाकला. गोल झोताबरोबर पुढे सरकले, ते अपेक्षितच होतं. पण झोताच्या कडेला असलेले गोल आधी आत, मध्याकडे ओढले गेले! गोल पारदर्शक आहे, त्याचा अपवर्तनांक पाण्याहून जास्त आहे, म्हणून त्यातून जाताना किरण वळतात. किरणाचा संवेग बदलला की तेवढाच उलटा धक्का गोलाला बसतो. झोत मध्यावर दाट, कडेला विरळ. दाट बाजूच्या किरणांचा धक्का वरचढ ठरतो आणि तो गोलाला मध्याकडे नेतो. पाण्यातला हवेचा बुडबुडा मात्र झोताबाहेर फेकला जातो, कारण त्याचा अपवर्तनांक पाण्याहून कमी. न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या मुलाला हे फळ्यावर दोन किरण काढून पटवता येतं. ढकलणाऱ्यानंच धरूनही ठेवावं, हा तुझा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

१९८६ मध्ये अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी एकाच झोताला भिंगानं घट्ट एकवटून गोल जागच्या जागी धरून दाखवला. हा प्रकाशाचा चिमटा. त्यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं तेव्हा अ‍ॅश्किन ९६ वर्षांचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २००४ च्या सुमारास याच चिमट्यात मलेरियाग्रस्त लाल रक्तपेशी धरून त्या निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या कशा फिरतात, ते तपासलं गेलं.

आता तू आमच्याच विभागात मुक्कामाला येतो आहेस. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून तिथे लेझर धावेल आणि गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. अमेरिकेतल्या लायगोचे टांगलेले आरसे ४० किलोचे आहेत. तुझ्या अनियमित माऱ्यानं तेही हलतात, प्रोटॉनच्या आकाराच्या लाखाव्या हिश्श्याहून कमी अंतरानं, हे २०२० मध्ये दाखवून झालं आहे. गच्चीवर कुणाला न जाणवणाऱ्या तुला औंढ्यात चुकवून चालणार नाही.

आणि तरी मराठवाड्यातली मुलं तुला फक्त सूत्रात भेटतात. काही ठिकाणी तर काचेच्या फुग्यातली क्रुक्सची चक्री तुझा पुरावा म्हणून दाखवतात. ती फिरते फुग्यात उरलेल्या विरळ, तापलेल्या हवेमुळे. तुझ्यामुळे फिरली असती तर उलट्या दिशेनं फिरली असती.

म्हणून हे पत्र उघडं ठेवून इथल्या विद्यापीठातल्या आणि कॉलेजांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विनंती करतो. दहा-वीस मिलिवॅटचा लेझर, चांगल्या भिंगाचा सूक्ष्मदर्शक, कॅमेरा आणि लॅटेक्सचे गोल, एवढ्या सामानात साधा चिमटा उभा राहतो. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांकडून तो बांधून घ्या, आणि औंढ्याचं काम पुरं व्हायच्या आत आसपासच्या शाळांतल्या मुलांना बोलावून उजेडानं धरलेला गोल पडद्यावर दाखवा.

तुझा,
संभाजीनगरचा एक विज्ञानप्रेमी