लंडन राहून गेले

युरोपच्या प्रवासात बेत बदलणे फार सोपे असते. पॅरिसहून निघालेला प्रवासी ब्रसेल्सला, अँटवर्पला किंवा अ‍ॅमस्टरडॅमला सहज वळू शकतो. शेंगेन करारातील 29 देशांच्या आपसांतील सीमांवर पासपोर्ट सहसा कोणी पाहत नाही. अशा वेळी व्यापारी मनात एक हिशेब आपोआप सुरू होतो : इतक्या दूर आलोच आहोत, तर आणखी एक ठिकाण का नको?

सोलापूरच्या एका टॉवेल-व्यापारी कुटुंबापुढे हा प्रश्न अँटवर्पमध्ये उभा राहिला. वडील, आई आणि मुलगा असे तिघे फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड पाहण्यास निघाले होते. प्रस्थानापूर्वी वडिलांनी देशव्रत घेतले होते : घराकडे परत निघेपर्यंत या तीन देशांबाहेर जायचे नाही. अँटवर्पच्या जैन मंदिरात दर्शन घेऊन ते परतले, तोच लंडनच्या एका घाऊक ग्राहकाचा निरोप आला. दोन दिवसांत प्रत्यक्ष भेट झाली, तर पुढील हंगामाची मोठी मागणी पक्की होणार होती.

ब्रिटनचा व्हिसा तिघांकडे पूर्वीचाच होता आणि ब्रसेल्सहून लंडन आगगाडीने सुमारे दोन तासांवर. परंतु ब्रिटन शेंगेन क्षेत्राबाहेर आहे आणि त्यांच्या शेंगेन व्हिसावर एकाच प्रवेशाची अनुमती होती. एकदा बाहेर पडले की स्वित्झर्लंडला जाणे नाही.

“अण्णा, स्वित्झर्लंड सोडू आणि लंडन घेऊ. देश तीनच राहतील,” मुलगा म्हणाला.

“एका बाजूचे कमी करून दुसऱ्या बाजूला वाढवायचे, यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात,” वडील उत्तरले. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, दिग्व्रताच्या अतिचारांत तिची गणना आहे. देशव्रत हे त्याच मर्यादेच्या आतील, ठरावीक काळापुरते अधिक आकुंचित व्रत. तेथे ही अदलाबदल कशी चालावी?

“मग मी एकटा जातो.” यावर वडील अधिकच विचारात पडले. स्वतः मर्यादेत राहायचे आणि आपल्या कामासाठी दुसऱ्याला मर्यादेबाहेर धाडायचे, हा देशव्रताचा प्रेष्यप्रयोग नावाचा अतिचार होय.

आईला हे पटले नाही. “व्रत तुमचे आहे. त्यापायी पोराचे वर्ष का अडवता?” तिच्या बोलण्यात तथ्य होते. मागणीवर केवळ घरचा नफा नव्हे, मागावरच्या कामगारांचे कामही अवलंबून होते.

अखेर वडील म्हणाले, “तू आपल्या विचाराने गेलास, तर मी अडवणार नाही. पण मी तुला पाठवत नाही.”

मुलाने रात्रभर विचार केला. पेढी वडिलांची, माल वडिलांचा, सौदाही त्यांच्याच नावे होणार. ‘माझ्या विचाराने’ हे शब्द त्याला स्वतःलाच खरे वाटेनात. सकाळी त्याने ग्राहकाला पुढील महिन्यात येतो असे कळवले. ग्राहक थांबला नाही. मागणी दुसरीकडे गेली. ल्युसर्नच्या वाटेवर तिघेही बराच वेळ गप्प होते.

त्या शांततेत वडिलांना आपली एक उणीव उमगली. मर्यादा आखताना त्यांनी केवळ पर्यटनाचा विचार केला होता. व्यापाराचा केला नव्हता. पुढील प्रवासाआधी घरातील सर्वांशी बोलूनच मर्यादा ठरवायची, असे त्यांनी मुलाला सांगितले.

परदेशी निघणाऱ्या श्रावकाने व्हिसावरील प्रवेशांची संख्या जशी आधी वाचावी, तशीच व्रताची मर्यादाही आधी नीट पारखावी. नकाशावर रेघ ओढण्यास क्षणही लागत नाही. तिची परीक्षा मात्र रेघेपलीकडे लाभ दिसू लागतो, त्या दिवशी होते; आणि त्या दिवशी रेघ हलवायची नसते.