दोन्ही सारखेच

गेल्या वर्षी जूनमध्ये मी तीन आठवडे एकाच विषयावर वाचत होते. बोरिवलीहून अंधेरीला ऑफिसला जाताना लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री दिवा बंद केल्यावर पांघरुणात फोन धरून. विषय होता लेन्सच्या तोंडावर बसवायची एक गोल काच. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स त्याच्याबरोबर आलेली साधी अठरा-पंचावन्न, आणि तिच्यासाठी फिल्टर कोणता घ्यायचा यावर माझी एक्सेल शीट तयार. किंमत, काचेचा प्रकार, कोटिंग, रिंगची जाडी, लोकांच्या तक्रारी. ऑफिसात डेटाबेस निवडतानाही मी इतका अभ्यास केलेला नाही.

फिल्टर म्हटलं की आपल्या पिढीला आधी फोनमधला फिल्टर आठवतो. फोटो काढून झाला की त्यावर बोट फिरवायचं, आकाश निळं, चेहरा गोरा. काचेचा फिल्टर याच्या बरोबर उलट्या टोकाला असतो. तो प्रकाश कॅमेऱ्यात शिरण्याआधीच त्याला गाळतो. मला पहिल्यांदा हे जुनाट वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये होतं ते काचेत कशाला करायचं?

बऱ्याच फिल्टरांच्या बाबतीत ही शंका खरी निघते. यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात कामाचा होता, कारण फिल्मला अतिनील किरण दिसायचे आणि लांबचे डोंगर धुरकट यायचे. डिजिटल सेन्सरवर तसली गाळणी आधीच बसवलेली असते. त्यामुळे आज यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सचं रेनकोट. गोराईच्या किनाऱ्यावर खारं पाणी उडतं तेव्हा त्याचा उपयोग आहे, पण फोटो त्याने सुधारत नाही. ग्रॅज्युएटेड एनडी म्हणजे वरची अर्धी काच काळी, खालची स्वच्छ. उजळ आकाश दाबायचं आणि खालची जमीन तशीच ठेवायची. तेच काम ट्रायपॉडवर दोन वेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून नंतर जोडूनही होतं.

साधा एनडी म्हणजे पूर्ण काळी काच. दहा स्टॉपची काच प्रकाश साधारण हजार पटींनी कमी करते, म्हणून सेकंदाच्या तिसाव्या भागात निघणाऱ्या फोटोला 34 सेकंद लागतात. लाटांचं धुकं होतं. एका मित्राकडून मी ती काच एक दिवस आणली आणि गोराईला लावली. समुद्र दुधासारखा आला, पण पाण्यात खेळणारी माणसं, फिरणारा भेळवाला, पळणारी कुत्री, सगळे गायब. जो हलतो तो फोटोत उरत नाही. रविवारच्या संध्याकाळी गोराईचा किनारा रिकामा दाखवणारा फोटो खोटा नसतो, पण खराही वाटत नाही. काच परत केली.

राहिला सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली.

प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी डोलत असतात. पाणी, काच, पान अशा पृष्ठभागावरून तो परावर्तित झाला की बराचसा एकाच पातळीत डोलायला लागतो. पोलरायझर ही जणू बारीक गजांची खिडकी. ती फिरवली की एका पातळीतला प्रकाश आत येतो, दुसऱ्या पातळीतला अडतो. म्हणजे पाण्यावरची चकाकी काढून टाकता येते आणि खालचं पाणी दिसतं. पण साध्या सेन्सरला लहर कुठल्या पातळीत डोलतेय हे कळतच नाही. तो फक्त प्रकाश किती आणि कुठल्या रंगाचा एवढंच नोंदवतो. जी माहिती कधी नोंदवलीच गेली नाही, ती नंतर कुठलंही ॲप परत आणू शकत नाही. चकाकीने झाकलेला दगड झाकलेलाच राहतो. हा एकच फिल्टर असा, की ज्याचं काम आधीच करावं लागतं.

माझ्या लेन्सचं तोंड 58 मिलिमीटरचं. अनुभवी लोक सांगतात, काच मोठ्या मापाची घ्या, 77 ची, आणि लहान लेन्सवर स्टेप-अप रिंग लावा, म्हणजे उद्या लेन्स बदलली तरी काच तीच. मी ऐकलं. आधी ऑनलाइन सहाशे रुपयांची एक मागवली होती, तिने सगळ्या फोटोंना हिरवट झाक दिली. मग फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांमधून हिंडून साडेचार हजारांची घेतली. दुकानात काच तपासायची सोपी युक्ती आहे. फिल्टरची पुढची बाजू लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे धरायची आणि फिरवायची. एका कोनात स्क्रीन काळी झाली तर पोलरायझर खरा. नुसता रंग बदलला तर काच उलटी धरलीय, आणि काहीच झालं नाही तर ती साधी काच.

घरी आल्यावर बाबांनी किंमत विचारली. मी दोन हजार सांगितली. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. "एका काचेला?" एवढंच म्हणाले आणि पेपर घेऊन खिडकीपाशी गेले.

पहिला प्रयोग फसला. मी काच घेऊन गोराईला गेले, सूर्यास्त समोर, आणि फिल्टर कितीही फिरवला तरी आकाश ढिम्म. चूक माझी. आकाशावर पोलरायझरचा जोर सूर्यापासून 90 अंशांवर सर्वांत जास्त असतो, सूर्याच्या दिशेने जवळजवळ नाहीच. तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा काटकोनात ताणायचा आणि मनगट फिरवायचं. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिकडचं आकाश गडद होणार. पश्चिमेच्या किनाऱ्यावर संध्याकाळी तो पट्टा उत्तर-दक्षिण असतो, डोक्यावरून जाणारा. शिवाय काच दीड ते दोन स्टॉप प्रकाश खाते, त्यामुळे संधिप्रकाशात फोटो हललेले आले.

मग जुलैत पावसाची उघडीप बघून कान्हेरीला गेले. नॅशनल पार्कच्या गेटपासून सहा-सात किलोमीटर आत, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभराहून जास्त लेणी. लोक लेणी बघतात, पण मला तिथली पाण्याची टाकी आवडतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ खडकात खोदलेलं एक टाकं. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. आभाळ भरलेलं होतं. एका टाक्याच्या काठावर उभी राहिले, पाण्यात नुसतं पांढरं आभाळ. फिल्टर फिरवायला लागले. पाव फेरी झाली आणि आभाळ विरघळल्यासारखं नाहीसं झालं. खाली हिरवट पाणी, बुडालेली पानं, छिन्नीच्या तिरप्या खुणा असलेली भिंत. कुणीतरी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मारलेले घाव. पाण्याच्या पृष्ठभागाकडे साधारण 37 अंशांनी बघितलं की ही चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. काठावर उभं राहून खाली बघताना आपली नजर साधारण त्याच कोनात असते. बाजूची झाडंही बदलली. ओल्या पानांवरची पांढरी चमक गेली आणि आतला हिरवा रंग वर आला. मी तिथे दीड तास होते.

त्या रात्री या विषयावर आणखी वाचताना सी. व्ही. रामन भेटले. 1921 साली ते इंग्लंडहून 'एस. एस. नारकुंडा' या बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांना छळत होता. लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं, की समुद्राचा तो गडद निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, बाकी काही नाही. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम होता, म्हणजे स्फटिकाचा पोलरायझर. त्यांनी तो डोळ्यापुढे धरून योग्य कोनातून पाण्याकडे पाहिलं. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, निळा रंग राहिला. उलट जास्त खुलला. म्हणजे निळा पाण्याचा स्वतःचा. 'नेचर'ला पाठवलेल्या त्या टिपणावर तारीख आहे 26 सप्टेंबर 1921 आणि ठिकाण बॉम्बे हार्बर. आपलं बंदर. प्रकाश विखुरण्याचा तोच माग पुढे 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधापर्यंत आणि 1930 च्या नोबेलपर्यंत गेला.

मला हे कुणाला तरी सांगायचंच होतं. रविवारी सकाळी बाबांना लॅपटॉपपुढे बसवलं. एकाच टाक्याचे दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे फिल्टर न फिरवता, उजवीकडे फिरवून. रामनची गोष्ट रंगवून सांगितली आणि विचारलं, "कळला फरक?"

बाबा पुढे वाकले. मान डावीकडे, मान उजवीकडे. मग म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत गं."

मला राग आला. खरं सांगते, वाईट वाटलं नाही, रागच आला. वाटलं, हे मुद्दाम. साडेचार हजारांचा पत्ता लागलाय आणि आता टोमणा मारतायत. मी लॅपटॉप मिटला. चार-पाच दिवस तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

पुढच्या आठवड्यात आई भाजी निवडत होती. सहज म्हणाली, "तुझ्या बाबांना परवा मेथी पिवळी दिसत होती. भाजीवाल्याशी भांडले. मेथी चांगली हिरवीगार होती गं." आणि मग एकेक आठवायला लागलं. बाबा पेपर ट्यूबलाइटखाली वाचायचे ते खिडकीपाशी वाचायला लागले होते. संध्याकाळी फिरायला जाणं बंद, कारण रिक्षांचे दिवे डोळ्यांवर येतात. टीव्हीचा ब्राइटनेस कोण वाढवतं म्हणून मी चिडायचे. क्रिकेट बघताना स्कोअर मला विचारायचे. निदान वर्षभराचं हे सगळं. आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न असतो, लॉग बघितले का? घरात लॉग रोज येत होते. मी काचांच्या तक्रारी वाचत होते.

"बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? वय झालं की दिसतं कमी. मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मोतीबिंदू हळूहळू येतो. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि पिवळसर-तपकिरी होत जातं, रोज इतकं थोडं की ज्याचा डोळा त्याला कळत नाही. तुलना करायला जुना डोळा शिल्लक नसतो. आपण फिल्टर लावलाय हेच माहीत नसेल, तर काढायचा कुणी?

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला आणि एक तक्ता पुढे ठेवला. त्यावर भिंगांचे प्रकार आणि किमती. मोनोफोकल घेतलं तर लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा. मल्टिफोकलमध्ये चष्मा कमी लागतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. टोरिक सिलिंडर नंबर असणाऱ्यांसाठी. अतिनील किरण गाळायची सोय आता भिंगातच असते. काही भिंगं पूर्ण पारदर्शक, काहींना निळा प्रकाश थोडा रोखणारी हलकी पिवळी झाक. मी तक्ता वाचत होते आणि मला माझी एक्सेल शीट आठवत होती. रकानेसुद्धा जवळजवळ तेच.

बाबांनी सर्वांत स्वस्तावर बोट ठेवलं. "हे बरं आहे. तुझं लग्न व्हायचंय."

"माझ्या काचेची किंमत दोन हजार नव्हती," मी म्हणाले. "साडेचार होती."

"माहितीय. बिल तुझ्या टेबलावरच पडलं होतं. खिडकीपाशी नेऊन वाचलं."

डॉक्टर हसले. रात्रीच्या दिव्यांचा त्रास आधीच होता, म्हणून त्यांच्या सल्ल्याने मोनोफोकल, पारदर्शक घेतलं. ते महागड्यांपैकी नव्हतंच, म्हणजे बाबांचं बोट बरोबर होतं. ऑक्टोबरमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. पाऊण तासात बाबा बाहेर आले, ऑपरेशन त्यातलं वीसेक मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर बाबा गॅलरीत उभे राहिले. एक डोळा मिटायचे, मग दुसरा. पुन्हा पहिला. आईची वाळत घातलेली पांढरी साडी समोर होती. "हा डोळा पिवळा," डाव्यावर हात ठेवत म्हणाले, "आणि हा निळसर पांढरा. म्हणजे साडी पांढरी आहे तर!" आई म्हणाली, "अहो, दोन वर्षं नीळ घालतेय मी तिला." बाबा अर्धा तास तसेच उभे होते, डावा-उजवा, डावा-उजवा. मी कान्हेरीच्या टाक्यापाशी उभी होते तसेच.

दुसरा डोळा नोव्हेंबरमध्ये झाला. डिसेंबरात एके सकाळी तेच म्हणाले, "ते तुझे दोन फोटो काढ बरं परत."

काढले. मी काही बोलले नाही, रामनची गोष्टही सांगितली नाही. बाबांनी डावा बघितला, उजवा बघितला. उजव्यावर बराच वेळ थांबले. "खाली पानं आहेत की. आणि ह्या रेघा? छिन्नीच्या?"

"हो."

"मग हे त्या दिवशी का नाही दाखवलंस?"

मी हसले. ते आणखी पुढे वाकले. पोस्टातली सवय, पत्ता नीट वाचल्याशिवाय पाकीट खाली ठेवायचं नाही. मग बोट स्क्रीनवर ठेवून म्हणाले, "झाडं मात्र जरा जास्तच हिरवी केलीस तू. एवढी नसतात."

तपासून पाहिलं. फोटो एडिट करताना सॅच्युरेशन मीच वाढवलं होतं, फिल्टरचा त्यात काही दोष नव्हता. वीसने कमी केलं. आता बरोबर दिसतो.