गाठ बांधावी, गाठ सुटावी
मुलांनो, आमच्या खामगावात सैल कापूस दाबून गाठी बांधतात, म्हणून तो दूरच्या गिरणीपर्यंत जातो. आजारी माणसाच्या पेशीत नवं जनुक पोचवायचं तर असंच करावं लागतं! २०२३ साली भारतात मंजूर झालेल्या 'नेक्सकार१९' या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात मुंबईच्या शास्त्रज्ञांनी हे काम निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर सोपवलं. पण असे विषाणू बनवणं महाग. त्याऐवजी पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, वापरता येईल का? डीएनएवर ऋणभार, या साखळीवर धनभार. दोघं चिकटून इवलीशी गाठ होते. १९९५ साली पॉलिएथिलीनइमाइननं हे साधलं. मात्र धनभार फार झाला की पेशीलाच इजा होते, आणि फार घट्ट गाठ आत सुटतच नाही! म्हणून आता पेशीत शिरल्यावर तुटणाऱ्या साखळ्या घडवताहेत. वाटेत घट्ट, मुक्कामी सैल! हे जमलं, तर असे उपचार आपल्यासारख्या घरांनाही परवडू शकतील. बघा, तुमच्यापैकी कुणाला ही गाठ सोडवता येते का!