निखाऱ्याची शिस्त

कोळसा पेटविणे सोपे. त्याची धग आवरणे हीच खरी विद्या होय. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत गॅस घरोघर आहे; तथापि हिवाळ्यातल्या रविवारी भरताची वांगी भाजावयाची तर आम्ही गच्चीवर शेगडीच काढतो. ज्वाला नाचत असता उतावीळ माणूस वांगे ठेवतो. साल करपते, गर कच्चा राहतो. ज्वाला शमून निखाऱ्यांवर करडी राख धरेपर्यंत थांबावे. मग निखारे एका अंगास दाट, दुसऱ्या अंगास विरळ पसरावे. दाट धगीवर साल भाजावी, विरळ धगीवर गर शिजू द्यावा. निखारा हवेवर जगतो. म्हणून आच हवी तर शेगडीचे खालचे तोंड मोकळे ठेवावे, नको तर झाकावे.

परंतु ज्या निखाऱ्यास धूर नाही, तोच अधिक फसवा. बंद खोलीत तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्यास रंग नाही, गंध नाही, आणि निजलेला माणूस जागा होत नाही. उत्तरेकडील थंडीत अशा मृत्यूंच्या वार्ता वारंवार येतात. आमच्या आईला थंडी सोसवत नाही. रात्री ती म्हणते, “उरलेले निखारे खोलीत आण रे.” आम्ही तिच्या अंगावर दुसरी रजई घालतो, निखाऱ्यांवर पाणी ओततो.